ठिपका टिकतो का? हाय-रिझोल्यूशन स्क्रीनवरील लिनक्स डेस्कटॉपची समीक्षा

पाठाचा विषय

नव्या लॅपटॉपवर लिनक्स बसवले की पहिल्याच दिवशी एक अडचण समोर येते. स्क्रीन उत्तम असते, पण अक्षरे मुंगीएवढी दिसतात. ती मोठी करायला जावे तर काही खिडक्या मोठ्या होतात, काही होत नाहीत आणि काही मोठ्या होताना धूसर होतात. यावर कोणते बटण दाबायचे, हे सांगणारी माहिती पुष्कळ ठिकाणी मिळते. या पाठात आपला प्रश्न वेगळा आहे. लिनक्स डेस्कटॉपने ही सोय ज्या रीतीने केली आहे ती चांगली की वाईट, आणि हे ठरवायचे कशावरून?

समीक्षेला कसोटी लागते. आजवर या सोयीची परीक्षा बहुधा दोन प्रश्नांवर झाली: स्क्रीनवर किती मावते, आणि चित्र किती गुळगुळीत दिसते. हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण ते इंग्रजी मजकूर वाचणाऱ्याला पुरतात, आपल्याला पुरत नाहीत. आपल्या लिप्यांत एका ठिपक्याने किंवा एका रेघेने अर्थ बदलतो. म्हणून या पाठाचे म्हणणे असे की, स्केलिंगची परीक्षा तुमच्या मजकुरातल्या सर्वांत लहान अर्थवाही चिन्हावर घ्यावी. ते चिन्ह शाबूत राहिले तर मांडणी उत्तीर्ण. ते पुसट झाले, तर बाकीचे सगळे देखणे असूनही मांडणी नापास.

कसोटी तिरुवैयारुची

ही कसोटी कागदोपत्री वाटू नये म्हणून एक खरे ठिकाण घेऊ. तंजावूरच्या उत्तरेला साधारण १३ किलोमीटरवर, कावेरीच्या काठी तिरुवैयारु हे गाव आहे. नावाचा अर्थच पाच नद्यांचे पवित्र ठिकाण. संत त्यागराज (१७६७–१८४७) यांचे बहुतेक आयुष्य इथे गेले आणि त्यांची समाधीही इथेच आहे. त्या काळात तंजावूरच्या गादीवर भोसले घराणे होते. सरफोजी दुसरे यांची कारकीर्द १७९८ ते १८३२. दरवर्षी पौष वद्य पंचमीला समाधीपाशी गायक-वादक एकत्र बसून त्यागराजांच्या पाच ‘पंचरत्न’ कृती गातात. त्यांतली पहिली संस्कृतात आहे, उरलेल्या चार तेलुगूत. गाणाऱ्यांपैकी पुष्कळांची मातृभाषा तमिळ. गावात शासकीय संगीत महाविद्यालयही आहे.

आता समजा, इथला एखादा विद्यार्थी लिनक्सच्या लॅपटॉपवर अभ्यासाला बसला आहे. त्याच्या स्क्रीनवर काय काय असेल?

पहिले, तमिळ लिपीत छापलेली तेलुगू कृती. तमिळमध्ये क, ख, ग, घ यांना मिळून एकच अक्षर आहे. म्हणून संगीताच्या पुस्तकांत त्या अक्षराला २, ३, ४ असे चिमुकले आकडे जोडून उच्चार दाखवतात. आकडा दिसला नाही तर ‘घ’चा ‘क’ होतो. ३ आणि २ यांत गफलत झाली तर ‘ग’चा ‘ख’ होतो.

दुसरे, स्वरलिपी. स्वराच्या डोक्यावर ठिपका असेल तर तो तार स्थायीचा, खाली असेल तर मंद्राचा, ठिपका नसेल तर मध्य स्थायीचा. कर्नाटक स्वरलेखनात स्वरांवर एक आडवी रेघ असेल तर लय दुप्पट, दोन रेघा असतील तर चौपट. दोन बारीक रेघा मिसळून एक झाल्या, तर गाणे अर्ध्या वेगाने वाचले जाईल.

तिसरे, देवनागरी. भातखंडे पद्धतीतही मंद्र आणि तार यांसाठी ठिपकेच आहेत, आणि कोमल स्वरासाठी अक्षराखाली आडवी रेघ. विष्णु नारायण भातखंडे १९०४ साली दक्षिणेच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितरांना भेटले. त्याच वर्षी दीक्षितरांचा ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा तेलुगू लिपीतला ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात गमकांसाठी स्वरांवर बारीक खुणा दिल्या आहेत. शिवाय तंजावूर कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनाचा साचा तमिळ हरिकथेत आणला, त्यामुळे साकी, दिंडी, ओवी आणि अभंग हेही या प्रदेशात गायले जातात. ते वाचायचे तर अनुस्वार आलाच.

चौथे, मोडी. तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आहेत आणि भोसलेकालीन मोडी कागद आहेत. मोडी वाचताना बहुधा स्कॅन केलेले पान समोर असते. लेखणी कुठे वळली आणि कुठे थांबली, यावर अक्षर ठरते.

चार लिप्या आणि चार प्रकारची बारीक चिन्हे. लिनक्स डेस्कटॉपला यापेक्षा चांगली परीक्षा मिळणार नाही.

थोडे गणित

स्क्रीनची घनता म्हणजे एका इंचात किती पिक्सेल आहेत ती संख्या. लांबी आणि रुंदी यांतील पिक्सेलांवरून कर्ण काढा (पायथागोरसचा नियम) आणि त्याला स्क्रीनच्या इंचांतील मापाने भागा. १४ इंची स्क्रीनसाठी उत्तरे अशी येतात:

१३६६ × ७६८ : सुमारे ११२
१९२० × १०८० : सुमारे १५७
२५६० × १६०० : सुमारे २१६
३८४० × २१६० : सुमारे ३१५

डेस्कटॉपच्या जगात मात्र पूर्वापार ९६ हा आकडा धरून चालतात. ११ पॉइंटचे अक्षर या हिशेबाने सुमारे १४.७ पिक्सेलचे होते. कागदावर ११ पॉइंट म्हणजे ३.९ मिलिमीटर. तेच १४.७ पिक्सेल ११२ घनतेच्या स्क्रीनवर ३.३ मिलिमीटर होतात, १५७ च्या स्क्रीनवर २.४, आणि ३१५ च्या स्क्रीनवर जेमतेम १.२ मिलिमीटर. ठिपका अक्षराच्या एकदशांश धरला, तर शेवटच्या स्क्रीनवर तो ०.१२ मिलिमीटरचा. म्हणजे चांगली स्क्रीन घेतली म्हणून ठिपका हरवला, असा उलटा न्याय झाला.

तमिळनाडूच्या विद्यार्थ्यांना हा फरक विशेष जाणवण्यासारखा आहे. तिथल्या सरकारने २०११ पासून विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप वाटले, तेव्हा त्यांत विंडोजच्या जोडीला सी-डॅकची ‘बॉस’ ही लिनक्स प्रणालीही दिली होती. त्या काळच्या १४ इंची लॅपटॉपची नेहमीची स्क्रीन १३६६ × ७६८ ची. तिथे ९६ चे गृहीतक फारसे चुकत नसे. पुढच्या दशकात स्क्रीनची घनता दुप्पट-तिप्पट झाली आणि गृहीतक मागेच राहिले.

एक्स : एका घराला एकच माप

लिनक्सवर खिडक्या दाखवण्याची जुनी व्यवस्था म्हणजे एक्स (एक्स-११). तिचा मुख्य दोष असा की, संपूर्ण डेस्कटॉपसाठी घनतेचा एकच आकडा व्यवहारात चालतो. लॅपटॉपची स्क्रीन २१६ घनतेची आणि वर्गातला प्रोजेक्टर साधा असेल, तर एक काहीतरी बिघडणारच. लॅपटॉप नीट दिसेल असे माप ठेवले, तर भिंतीवर तीन ओळींतच पान संपते.

दुसरा दोष त्याहून त्रासाचा. माप सांगण्याची जागा एक नाही. अक्षरांसाठीचा घनतेचा आकडा एका फाइलमध्ये. जीटीके वापरून केलेल्या प्रोग्रामांसाठी वेगळा आकडा, आणि जीटीकेच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत तोही पूर्णांकच: १, २ किंवा ३. क्यूटी वापरून केलेल्या प्रोग्रामांसाठी आणखी एक आकडा, आणि तो अपूर्णांकही चालतो. जीटीकेच्या दुसऱ्या आवृत्तीवरचे जुने प्रोग्राम तर असा स्केलचा आकडा जाणतच नाहीत. हे आकडे एकमेकांना विचारत नाहीत. काही वेळा ते एकमेकांनी गुणले जातात: अक्षरांची घनता १९२ केली आणि वर स्केल २ ठेवले, तर मजकूर चौपट होतो.

इथे समीक्षकाने जुन्या व्यवस्थेवर अन्याय करू नये. एक्सची ही आवृत्ती १९८७ ची आहे. तेव्हा घरोघरी निरनिराळ्या घनतेच्या दोन स्क्रीन असतील, हे कोणी योजले नव्हते. दोष नंतरच्यांचा आहे. प्रत्येक गटाने आपल्या अंगणापुरते माप ठरवले आणि वापरणाऱ्याला चार अंगणांत फिरायला लावले.

वेलँड : विचार बरोबर, अंमल रखडत

वेलँड ही नवी व्यवस्था. तिच्यात प्रत्येक स्क्रीनला स्वतंत्र स्केल देता येते, आणि खिडकी ज्या स्क्रीनवर असेल त्या स्क्रीनचे स्केल प्रोग्रामला कळवले जाते. मापाची जबाबदारी एका ठिकाणी आली, ही मोठी सुधारणा आहे.

पण सुरुवातीला वेलँडलाही पूर्णांकच माहीत होते. १२५ टक्के हवे असेल तर प्रोग्रामने २०० टक्क्यांचे चित्र काढायचे आणि व्यवस्थेने ते दाबून लहान करायचे. याची किंमत काढून पाहा. २ ला १.२५ ने भागले की १.६, आणि त्याचा वर्ग २.५६. म्हणजे अडीचपटीहून जास्त पिक्सेल रंगवायचे आणि मग फेकून द्यायचे. स्वस्त लॅपटॉपच्या बॅटरीला हे परवडत नाही.

आपल्या कसोटीवर तर ते आणखी अडचणीचे. २०० टक्क्यांच्या चित्रात दोन पिक्सेल जाडीची रेघ, खाली दोन पिक्सेल मोकळे आणि पुन्हा दोन पिक्सेलची रेघ, अशी चौपट लयीची खूण घ्या. दाबल्यावर प्रत्येक पट्टा १.२५ पिक्सेलचा होतो. पिक्सेलचा पाव भाग रंगवता येत नाही, म्हणून त्या ठिकाणी करडा रंग येतो. मधली मोकळी जागा करडी झाली की दोन रेघांतला भेद डोळ्याला शोधावा लागतो. शिरोरेषेचेही तेच होते. शब्दागणिक आडवी जाणारी ती रेषा दोन ओळींत सांडते आणि संपूर्ण पान किंचित मळकट दिसते. रोमन लिपीत अशी सलग आडवी रेषा नसल्यामुळे तिथे हा दोष इतका जाणवत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये वेलँडच्या नियमावलीत अपूर्णांकी स्केलची तरतूद आली. आता व्यवस्था प्रोग्रामला १२० व्या हिश्श्यांत माप सांगते: १२५ टक्के म्हणजे १५०/१२०. प्रोग्राम तेवढ्याच आकाराचे चित्र थेट काढतो, दाबादाबी होत नाही. उपाय सुंदर आहे. आक्षेप एवढाच की तो प्रोग्रामने स्वीकारला तरच उपयोगी. न स्वीकारणारे प्रोग्राम जुन्याच वाटेने जातात, आणि कोणता प्रोग्राम कोणत्या वाटेने गेला हे वापरणाऱ्याला सांगितले जात नाही.

ग्नोम आणि केडीई : दोन स्वभाव

ग्नोम आणि केडीई प्लाझ्मा हे दोन प्रमुख डेस्कटॉप. या प्रश्नाशी त्यांचे वागणे त्यांच्या स्वभावाप्रमाणे आहे.

ग्नोमने मार्च २०१९ च्या ३.३२ आवृत्तीत अपूर्णांकी स्केल आणले, पण ‘प्रायोगिक’ म्हणून, आणि ते सुरू करण्याची किल्ली सेटिंगच्या खिडकीत ठेवली नाही. २०२४ च्या ४७ व्या आवृत्तीतही प्रायोगिक हा शिक्का होताच. उबुंटूने मात्र आपल्या सेटिंगमध्ये त्यासाठी सरळ बटण दिले. ग्नोमची भूमिका समजण्यासारखी आहे: जे धूसर दिसते ते आपण होऊन देऊ नये. पण परिणाम पाहा. १९२० × १०८० च्या १४ इंची स्क्रीनवर विद्यार्थ्यापुढे तेव्हा दोनच पर्याय उरत. १०० टक्क्यांवर अक्षर २.४ मिलिमीटरचे, आणि २०० टक्क्यांवर कामाची जागा ९६० × ५४० एवढी, म्हणजे कित्येक खिडक्या मावतच नाहीत. एक पर्याय डोळ्यांना जड, दुसरा कामाला अपुरा. शुद्धतेचा आग्रह धरून गरजेचा पर्याय लपवणे ही चूकच आहे.

केडीईने पर्याय उघडे ठेवले. स्केलची पट्टी समोरच असते. प्लाझ्मा ६ (२८ फेब्रुवारी २०२४) पासून वेलँड ही तिथली ठरलेली व्यवस्था झाली. एक्ससाठी लिहिलेले जुने प्रोग्राम वेलँडमध्ये एक्स-वेलँड या दुभाष्यामार्फत चालतात, आणि मोठे करताना ते धूसर होतात. २०२२ च्या ५.२६ आवृत्तीत प्लाझ्माने विचारले: हे प्रोग्राम व्यवस्थेने ताणावेत, की त्यांनी स्वतः आपले माप घ्यावे? योग्य प्रश्न योग्य जागी विचारला, याचे श्रेय केडीईला द्यावे लागते. ग्नोममध्ये असाच पर्याय ४७ व्या आवृत्तीत आला, तोही प्रायोगिक. मात्र प्लाझ्माचा प्रश्न ज्या शब्दांत येतो ते शब्द पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कळतीलच असे नाही. खिडकीत मराठी किंवा तमिळ ओळीचा नमुना दाखवला असता तर उत्तर डोळ्यांनीच दिले असते.

उरलेले दोन कोपरे

पहिला कोपरा स्कॅन केलेल्या पानांचा. ‘१०० टक्के’ या शब्दाला स्केलिंगनंतर दोन अर्थ येतात. चित्राचा एक पिक्सेल म्हणजे स्क्रीनचा एक खरा पिक्सेल, हा एक अर्थ. चित्राचा एक पिक्सेल म्हणजे डेस्कटॉपच्या हिशेबातला एक पिक्सेल, हा दुसरा. २०० टक्के स्केलवर दुसऱ्या अर्थाने चित्राचा एक पिक्सेल स्क्रीनच्या चार पिक्सेलांवर पसरतो. ब्राउझर हा दुसरा अर्थ घेतो. मोडीचे पान त्यात मोठे दिसते, पण स्क्रीनच्या घनतेचा लाभ मिळत नाही, लेखणीचे बारीक वळण मऊ होते. पान नीट पाहायचे असेल तर ब्राउझरमध्ये झूम ५० टक्के करा. आकार अर्धा होईल, पण चित्रातला प्रत्येक पिक्सेल जसाच्या तसा दिसेल. टंकलिखित मोडीचा प्रश्न वेगळा: मोडी २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत आली, त्यामुळे योग्य फाँट असेल तर ती कोणत्याही स्केलला रेखीव येऊ शकते.

दुसरा कोपरा काळ्या पडद्याचा, म्हणजे डेस्कटॉप सुरू होण्याआधी दिसणाऱ्या कन्सोलचा. मार्च २०१९ च्या लिनक्स ५.० मध्ये १६ × ३२ पिक्सेलचा मोठा टर्मिनस फाँट कर्नेलमध्येच आला, ही चांगली गोष्ट. पण या कन्सोलला जास्तीत जास्त ५१२ आकार ठेवता येतात आणि अक्षरे जोडता येत नाहीत. काना-मात्रा-जोडाक्षरांची लिपी तिथे कोणत्याही घनतेच्या स्क्रीनवर नीट उमटणार नाही. तेव्हा सगळा दोष स्केलिंगच्या माथी मारू नका. काही जागा आपल्या लिप्यांसाठी मुळात बांधलेल्याच नाहीत.

मग मांडणी कशी करावी?

१. आधी घनता काढा. १२० च्या आत असेल तर १०० टक्के पुरे. २०० च्या आसपास किंवा पुढे असेल तर २०० टक्के घ्या. पूर्णांक मिळाला की ठिपका एकाऐवजी चार पिक्सेलांनी रेखला जातो आणि शिरोरेषा सांडत नाही.

२. मधल्या घनतेला, म्हणजे साधारण १४० ते १७० ला, आधी स्केल १०० टक्केच ठेवून फक्त मजकुराचे माप १.२५ करून पाहा. फाँट हा बाह्यरेषांनी बनलेला असतो, त्यामुळे प्रत्येक अक्षर नव्या मापात पुन्हा आखले जाते, ताणले किंवा दाबले जात नाही. बटणे आणि चित्रे लहान राहतात, पण ठिपका टिकतो. आपल्या कसोटीला हाच सौदा मानवतो.

३. ते अपुरे वाटले तर वेलँडवर १२५ किंवा १५० टक्के घ्या आणि रोजचे प्रोग्राम एकेक तपासा. धूसर दिसणारा बहुधा एक्स-वेलँडमधून आलेला असतो.

४. माप एकाच जागी सांगा. जुन्या सल्ल्यांवरून भरलेले जीटीके आणि क्यूटीचे आकडे आधी काढून टाका, नाहीतर गुणाकार होईल.

५. एक तपासणी-ओळ करून ठेवा: मंद्र आणि तार ठिपक्यांचे स्वर, दोन रेघांखालचे स्वर, अनुस्वार आणि जोडाक्षर असलेला एखादा मराठी शब्द, आणि शक्य असेल तर लहान आकडे जोडलेले तमिळ अक्षर. मांडणी बदलली की ही ओळ हातभर अंतरावरून वाचा.

निष्कर्ष

लिनक्स डेस्कटॉपने मापाचे मूळ तत्त्व आता बरोबर पकडले आहे: प्रत्येक स्क्रीनला तिचे माप, आणि चित्र त्या मापात थेट काढायचे. कमतरता दोन आहेत. जुने आणि नवे एकत्र नांदताना काय धूसर होते, हे वापरणाऱ्यापासून झाकलेले राहते. आणि ‘नीट दिसते’ याची व्याख्या ज्यांनी केली, त्यांच्या मजकुरात अर्थ बदलणारे ठिपके फार थोडे होते. दुसरी कमतरता बाहेरून भरून निघणार नाही. ती भरायची तर आपल्या लिपीत वाचणाऱ्यांनी दोष नोंदवले पाहिजेत, आणि ‘अक्षर खराब दिसते’ एवढेच न लिहिता कोणत्या स्केलला, कोणत्या प्रोग्राममध्ये, कोणते चिन्ह गेले हे चित्रासह दाखवले पाहिजे. हे सगळे मुक्त सॉफ्टवेअर आहे, दोष नोंदवण्याचे दार उघडे आहे. तार षड्जाचा ठिपका पुसला गेला की गाणारा सप्तक चुकतो, हे तिरुवैयारुतला विद्यार्थी जितक्या खात्रीने सांगू शकेल तितके दुसरे कोणी सांगू शकणार नाही.

स्वाध्याय

१. तुमच्या स्क्रीनची घनता काढा आणि ११ पॉइंटचे अक्षर १०० टक्के स्केलवर किती मिलिमीटरचे होते ते सांगा.
२. १५० टक्के स्केलसाठी २०० टक्क्यांचे चित्र काढून दाबले, तर किती पट पिक्सेल रंगवावे लागतात?
३. तुमच्या मातृभाषेच्या लिपीतले सर्वांत लहान अर्थवाही चिन्ह कोणते? ते पुसले गेल्याने अर्थ बदलणारी दोन उदाहरणे द्या.
४. ‘धूसर पर्याय लपवावा की इशारा देऊन दाखवावा?’ ग्नोम आणि केडीई यांच्या आधारे तुमचे मत दहा ओळींत मांडा.